कुलूप शाबूत, पत्र गावभर

माझ्याकडे गुप्तता विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकानंही ती कधी हळू आवाजात मागितली नाही. मद्रासबाहेरच्या गुम्मिडिपूंडीचे एक कारखानदार पहिल्यांदा आले ते ड्रायव्हर, मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र असा लवाजमा घेऊन. जिन्यातूनच गरजले, "मॅडम, आमच्या कंपनीची पत्रं बाहेर कुणाला कळता कामा नयेत!" खालच्या इस्त्रीवाल्यानं मान वर करून बघितलं. समोरच्या गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालणाऱ्या मामी थांबल्या. या गृहस्थांकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे, ही बातमी मद्रासच्या अण्णा नगरातल्या आमच्या गल्लीला त्यांच्याच तोंडून मिळाली.

वर आल्यावर मला बघून त्यांनी सगळेच विचारत तो प्रश्न विचारला. "सर कधी येतील?"

"सर तिकडे आवडी गावाला, रणगाड्यांच्या कारखान्यात आहेत," मी म्हटलं. "रणगाडा बिघडला असेल तर बोलावते. कॉम्प्युटरचं काम असेल तर मलाच सांगावं लागेल."

मी मूळची साताऱ्याची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून लग्न केलं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी आवडीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये येऊन पडले. तिथे बायका एकमेकींना डोशाच्या पिठाचं प्रमाण सांगत. मी शेजाऱ्यांचे टेपरेकॉर्डर उघडत असे. पुढे गोविंदअण्णा भेटले आणि आम्ही दोघांनी मिळून हा धंदा काढला. अण्णा तंजावरचे मराठी, एका मोठ्या कंपनीत आयुष्यभर टेलेक्स ऑपरेटर होते. त्यांच्या घराण्यानं महाराष्ट्र सोडला त्याला कित्येक पिढ्या झाल्या होत्या. त्यांचं मराठी मला जुन्या बखरीसारखं वाटे, आणि माझं त्यांना मोडकंतोडकं. "बाई, तुम्ही बोलता ते अस्के मुंबईचं हिंदी अहे," असं ते तोंडावर सांगत. अस्के म्हणजे सगळं.

धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण खिशातल्या फोनवर बोट फिरवणाऱ्यांना तो आदिमानवाचा वाटेल. नव्वदच्या दशकाची सुरुवात, मद्रासचं अजून चेन्नई झालं नव्हतं. कॉम्प्युटर काही कचेऱ्यांत आले होते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर भरतकामाचं कव्हर घालून ठेवलेलं असे. इंटरनेट हा शब्द आमच्या गिऱ्हाइकांनी ऐकलाही नव्हता. पण कॉम्प्युटरला मोडेम नावाची डबी लावून ती टेलिफोनच्या तारेला जोडली, की तो दुसऱ्या कॉम्प्युटरला फोन करू शकत असे. दोघं एकमेकांवर थोडा वेळ किंचाळत, मग पत्रांची देवाणघेवाण करत आणि फोन ठेवून देत. मधेच घरातल्या कुणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलून "हलो, हलो" केलं, की सगळं मुसळ केरात. एका घरातल्या आजीबाईंनी तो आवाज ऐकून मशीनची दृष्ट काढली होती.

या सगळ्यात मधे पोस्ट ऑफिस कुठेच नव्हतं, हीच मला त्यातली गंमत वाटे. ज्याचं मशीन त्याच्या घरात, त्याची पत्रं त्याच्या डिस्कवर. एका घरचं पत्र थेट दुसऱ्या घरी जात नसेल तर तिसऱ्याच्या मशीनवर मुक्कामाला राही आणि सवडीनं पुढे जाई. मालक कुणी नाही, साहेब कुणी नाही. प्रोग्रॅमही तसाच होता. तो लिहिणाऱ्या परदेशी मंडळींनी त्याच्या आतला सगळा मजकूर उघडा ठेवला होता, कुणीही वाचावा, बदलावा, शेजाऱ्याला वाटावा. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो आमच्यापर्यंत आला होता.

"फुकट?" कारखानदारांनी डोळे बारीक केले. "मग त्यात खोट काय आहे?"

खोट नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी अण्णांनी त्यांना कानात सांगितलं की खोट आहे, पण ती फक्त मॅडमना काढता येते. मग ते खुशीत आले.

त्यांच्या कारखान्यात एक मशीन बसवलं आणि शहरातल्या ऑफिसात दुसरं. महिन्याभरानं गेले तर टायपिस्ट आलेलं प्रत्येक पत्र छापून तीन प्रती काढत होती. एक साहेबांना, एक मेहुण्याला आणि एक नोटीस बोर्डाला. मी नोटीस बोर्डासमोर उभी राहून कपाळावर हात मारला, तेव्हा मागून कुणीतरी शुद्ध तंजावरी मराठीत म्हणालं, "मी सांगट्लं होतं तेंना. ऐकत नाहींत."

हा सुधाकर. कारखान्यात इंजिनियर, तिशी ओलांडलेला, सालस आणि हुशार. मशीनचं मर्म त्या सगळ्या आवारात त्याला एकट्याला कळलं होतं. पत्रांना कुलूप लावायची सोयही त्यानं स्वतः होऊन शिकून घेतली. असा शागीर्द मिळाला म्हणून मी मनातून खूश झाले. त्यानंच घरी जाऊन वडिलांना आमच्याबद्दल सांगितलं, आणि तिथून आमच्या मागे मंडळ लागलं.

सुधाकरचे वडील हनुमंतराव. मद्रासमधल्या तंजावरी मराठी कुटुंबांचं एक छोटं मंडळ होतं, त्याचे ते अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, नेसायला पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळाला गंध, आणि दर चार वाक्यांनी इंग्रजीत "आम्ही ब्रॉड-मायंडेड लोक". मंडळात मास्तर होते, कारकून होते, डॉक्टर होते, आणि सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागत. लग्नं आपापसात जुळत. ती जुळवायच्या कृष्णाबाई आत्या. कोणत्या घरात मुलगी आहे, कोणत्या घरात मुलगा, कुणाची पत्रिका कडक, कुणाचा मामा दारुडा, हे सगळं आत्यांच्या डोक्यात. तिथून बाहेर पडेल तेवढंच लोकांना कळे. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, विधवा, अण्णा नगरातच राहत, आणि त्यांच्यासमोर हनुमंतरावही खुर्चीच्या कडेवर बसत.

"आत्यांवर अस्के अवलंबून, हे बरं नव्हे," हनुमंतराव आमच्या दुकानात येऊन म्हणाले. "घरोघर मशीन होणा. एका घरानं दुसऱ्या घराशीं सरळ बोलाव. मधे कोणी नको. डेमोक्रसी!" होणा म्हणजे हवं.

मला तर आनंदाचं भरतं आलं. मी त्यांच्या बैठकीत जाऊन तासभर भाषण ठोकलं. या जाळ्याला मध्य नाही, मालक नाही, प्रत्येक घर आपापल्या जागी राजा. सगळ्यांनी माना डोलावल्या, कॉफी आली, आणि पहिला ठराव मांडला गेला. मध्य नसलेल्या जाळ्याचा अध्यक्ष निवडायचा. दुसरा ठराव उपाध्यक्षाचा. तिसरा ठराव कृष्णाबाई आत्यांना मानद आश्रयदात्या करण्याचा. का, तर त्यांना वगळलं असं दिसायला नको!

पुढे तर कहरच झाला. लग्नाची पहिली अक्षत जशी थोरांच्या घरी जाते, तसं पत्र आधी आत्यांना जायला हवं, असं सर्वांचं मत पडलं. त्यांना न सांगता त्यांच्या भावकीत पत्रं फिरली तर त्या काय म्हणतील? तेव्हा एकच पत्र सगळ्या घरांना धाडायची जी मंडळाची यादी केली, तिच्यात पहिलं नाव आत्यांचं. आत्यांकडे मशीन नव्हतं, म्हणून वर्गणी काढून त्यांच्या घरी बसवलं. त्यांचा फोन चांगला लागे आणि घरात तो मधेच उचलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आवडीकडची पत्रं त्यांच्याच मशीनवरून पुढे जाऊ लागली. आत्यांना टाळण्यासाठी आम्ही घरोघर यंत्रं बसवली आणि त्या सगळ्यांची तोंडं आत्यांच्या दिवाणखान्याकडे करून दिली.

"बाई, रडूं नका," अण्णा म्हणाले. "तेंना होणा ते तेंनीं केल."

आत्या मात्र मजेत होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन पडद्यासमोर बसत आणि मला फोन करत, "अग, पाचवीच्या पोरीसारखं इंग्लिश लिहितात हे. दुरुस्त करून पुढे पाठवूं का?"

वसुधा आमच्याकडे आली ती या सगळ्यानंतर. आवडीला एका सरकारी कचेरीत कारकून होती. तिच्या वडिलांच्या घरचं मशीन मीच बसवलं होतं, आणि त्या घरात ते चालवणारी ती एकटीच. तिशी जवळ आलेली, बोलणं थोडं, पण बोलली तर मुद्द्याचं. तिचं लग्न सुधाकरशी ठरत आलं होतं. पत्रिका जुळल्या होत्या. दोघांनी एकमेकांना एकदा पाहिलं होतं, तेही दोन्हीकडची वीस माणसं केसरी, म्हणजे इकडचा शिरा, खात बसलेली असताना.

"अक्का," ती म्हणाली, "फक्त त्यांनाच वाचता येईल, असं पत्र लिहायला येतं का?"

मी कारण विचारलं नाही, तिनंच सांगितलं. लहानपणापासून तिला फिट येत. कॉलेजात असताना औषध लागू पडलं आणि पुढे एकही आली नाही, पण गोळ्या चालू होत्या आणि चालूच राहणार होत्या. आईचं म्हणणं, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. वसुधाला ते मान्य नव्हतं. लग्नाआधी सुधाकरला सांगायचं, फक्त त्याला सांगायचं, आणि त्याचा होकार किंवा नकार त्याच्याकडून ऐकायचा, एवढंच तिला हवं होतं. वर्षापूर्वी एक जुळलेलं स्थळ अचानक मोडलं होतं. आत्यांनी तिकडे काहीतरी कानात सांगितलं असणार, अशी तिच्या घरच्यांची खात्री होती.

"टपालानं लिही की."

"तेंच्या घरीं टपाल अस्के तेंचे अप्पा उघडतात."

"फोन?"

"हॉलमध्ये आहे. कारखान्याचा फोन बोर्डावरून जातो, तिथला माणूस मधेच खोकतो."

भेटणं तर विचारायलाच नको. दोन शिकलेली, नोकरी करणारी, मतदान करणारी माणसं एकमेकांशी एक खासगी वाक्य बोलू शकत नव्हती. तेव्हा मी छाती पुढे काढून तिला कुलपाचं शास्त्र समजावलं.

ते शास्त्र सोपं आहे. प्रत्येकाकडे एक कुलूप आणि एक किल्ली. कुलूप वाटेल त्याला द्यायचं, अगदी चौकात टांगून ठेवायचं. किल्ली आपल्यापाशी. तुम्हाला मला पत्र पाठवायचं असेल तर माझं कुलूप घेऊन त्याला लावा आणि सोडून द्या. ते कुणाच्याही मशीनवर मुक्काम करू दे, त्यांना दिसेल ती नुसती अक्षरांची खिचडी. एकदा लावलं की ते तुम्हालाही उघडता येणार नाही, फक्त मला येईल. सुधाकरचं कुलूप त्यानं कारखान्याच्या कामासाठी माझ्याकडे देऊन ठेवलेलंच होतं.

अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांना हे काही पटेना. "मी कंपनीचे किती टेलेक्स पाठवले. अस्के वाचले. वाचल्याबगर पाठवायच कस? पण तोंड उघडल नाहीं. कुलूप कशास होणा?"

"अण्णा, तुमच्यासारखे सगळे नसतात," मी म्हटलं.

वसुधानं पत्र माझ्या दुकानातच लिहिलं. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. मग तिनं सुधाकरचं कुलूप लावलं, आवडीच्या मशीनसाठी फ्लॉपीवर घेतलं, आणि जाताना पहिल्यांदाच हसली. दुसऱ्या दिवशी आत्यांचा फोन आला. "अग, आवडीकडून खिचडी आली अहे. काय हे?" मी म्हटलं, पुढे जाऊ द्या, ते तुमच्यासाठी नाही. "हं," म्हणाल्या, आणि जाऊ दिलं. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! आत्यांच्या नाकासमोरून एक पत्र न वाचता गेलं. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी दुकान उघडून मशीन लावलं, तर मंडळाच्या यादीवर एक पत्र येऊन पडलं होतं. लिहिणारे हनुमंतराव. पहिलं नाव अर्थातच कृष्णाबाई आत्या, मग झाडून सगळी घरं, आणि शेवटी तांत्रिक सल्लागार म्हणून मी. इंग्रजी बँकेचं होतं. त्याचा मथितार्थ असा की, चि. वसुधा हिनं आपल्या आजाराविषयी मोकळेपणानं कळवलं याबद्दल तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. आम्ही ब्रॉड-मायंडेड लोक आहोत. आमच्या घरात लपवाछपवी चालत नाही. फिट येणाऱ्या मुलीलाही संसाराचा हक्क आहे. आमचा होकार कळवण्यास आनंद होत आहे, आणि इतर कुटुंबांनीही हा आदर्श घ्यावा.

आणि त्याखाली वसुधाचं पत्र, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. प्रोग्रॅमची रीतच तशी होती. उत्तर लिहायला घेतलं की मूळ पत्र आपोआप खाली चिकटे, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक बाण. गोळीचं नाव, शेवटची फिट कुठे आली होती ते, आणि "हे फक्त तुमच्यासाठी" हे वाक्य, तेही बाणासकट.

कुलूप कुणी फोडलं नव्हतं. ते आजही कुणाला फुटलं नसतं. सुधाकरनं घरच्या मशीनवर किल्लीनं पत्र उघडलं आणि वाचलं. वडिलांनी विचारलं, काय रे, काय लिहिलंय? आणि त्यानं खुर्ची सोडून त्यांना बसायला जागा दिली. बस्स. हनुमंतरावांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला अजूनही जास्त बोचतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. औदार्य दाखवायला निघालेल्या माणसाला अडवायचं कसं?

वसुधा त्याच आठवड्यात कचेरीतून थेट दुकानात आली. पर्समधून एक किल्ल्यांचा जुडगा काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवला. भलाथोरला, गंजका, लोखंडी.

"हे काय?"

"सेक्शनमधल्यांनी माझ्या टेबलावर ठेवलंय. फिट आली तर हातात द्यायला." इकडे ती समजूत आहे, लोखंड हातात धरलं की झटका थांबतो. "कोणाच्या तरी काकांना पत्र गेलं. आज चहाचा कप मला वेगळा दिला, अक्का. हा काय सांसर्गिक रोग आहे?"

मला रडू आलं, आणि तिला नाही आलं, म्हणून मला अधिक लाज वाटली. अण्णांनी तो जुडगा उचलला आणि टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला.

"पण त्यांचा होकार आहे ना?" मी मूर्खासारखी बोलून गेले.

"तेंच्या अप्पांचा अहे," ती म्हणाली. "मी तेंना कुठे विचारल होत?"

मग ती माझ्या मशीनसमोर बसली आणि मंडळाच्या यादीवर पत्र लिहिलं, कुलूपबिलूप न लावता. मला ते पाठ आहे. "श्री. सुधाकर यांना मी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर त्यांच्या वडिलांनी आपणा सर्वांना दिलं. मला हे लग्न करायचं नाही. माझी तब्येत उत्तम आहे. कृपया किल्ल्या पाठवू नयेत."

मंडळात आग लागली. मुलीला आजार आहे याची चर्चा दोन दिवस चालली असेल. आजार असून स्थळ नाकारलं, याची महिनाभर चालली. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाचा असा अपमान! हनुमंतरावांना लोक घरी जाऊन भेटून आले, कुणी गेल्यावर जातात तसे. एका डॉक्टरांनी तर मला फोन करून विचारलं की असली पत्रं अडवायची सोय तुमच्या प्रोग्रॅममध्ये का नाही? मी म्हटलं, पहिलं पत्र आलं तेव्हा तुम्ही ही सोय मागितली असती तर मी जागच्या जागी लिहून दिली असती. त्यांनी फोन ठेवला.

माझा राग कुठेतरी निघायला हवा होता, म्हणून मी कृष्णाबाई आत्यांकडे गेले. मूळ त्याच, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांनी ते पहिलं स्थळ मोडलं नसतं, तर वसुधाला लपूनछपून लिहायची पाळीच आली नसती. आत्या झोपाळ्यावर बसून भाजी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अधूनमधून एक देठ बाजूला टाकत.

"झाल?" त्यांनी विचारलं. "बैस अत्तां."

मी बसले.

"वसूला फिट येते हे मला ती फ्रॉकांत होती तेवांपासून ठाऊक. तिची आई इथेंच बसून रडली होती. मी कोणास सांगट्ल नाहीं. माझ्या सख्ख्या बहिणीस नाहीं."

"मग ते स्थळ..."

"तेंना हुंड्यांत स्कूटर होणा होती. वसूच्या अप्पांनीं नाहीं सांगट्ल. पैशावरून मोडल, हे बाहेर कळल तर दोन्ही घरांची शोभा. लोक म्हणाले, आत्यानं मोडल. मी म्हटल, म्हणूं द्या." त्यांनी भाजीचं ताट खाली ठेवलं. "इतकीं वर्ष अर्ध गांव माझ्या पोटांत अहे, बाळ. तुझ्या मशीनला पोट नाहीं. त्याला नुसत तोंडच अहे."

मध्य नको, मालक नको, एकाच्या हाती सगळ्यांची गुपितं नकोत, हे मी घसा फोडून सांगत आले होते. अजूनही ते मला खरंच वाटतं. उद्या आत्यांच्या जागी दुसरी कुणी आली असती, आणि तिला पोट नसतं, तर? पण त्या दिवशी त्या झोपाळ्यासमोर माझ्या त्या भाषणातलं एक वाक्यही मला तोंडातून काढवेना. आत्यांनी कॉफी केली, मी प्यायले आणि घरी आले.

पुढे त्यांनीच आपल्या घरचं मशीन काढून न्यायला सांगितलं. "अस्क्यांचीं पत्र वाचून डोळे दुखतात, आणि एकात गंमत नाहीं," असं कारण दिलं. मधलं घरच गेलं, तशी बाकीची घरंही हळूहळू थंड पडली. कव्हरं पुन्हा चढली.

सुधाकर एकदा आला होता. गुम्मिडिपूंडीहून सुटी घेऊन, दाढी वाढलेली. बराच वेळ मोडेमची वायर हातात फिरवत बसला.

"मॅडम, कुलूप कच्चं होतं का?"

"नाही."

"मग माझी किल्ली कोणाला मिळाली?"

"कुणालाही नाही. तू उघडलंस."

"अप्पांनी विचारलं. तेंना नाहीं कस म्हणायच?" तो खरोखरच मला विचारत होता. इतका हुशार मुलगा, मशीनमधलं अक्षर न् अक्षर वाचणारा, आणि हा प्रश्न त्यानं अशा चेहऱ्यानं विचारला की जणू उत्तर माझ्या एखाद्या फ्लॉपीवर असेल. मी त्याच्यावर चिडले होते, आणि तरी त्याची कीव आली. त्याचं मन चांगलं होतं. ते त्याच्या मालकीचं नव्हतं, एवढंच. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की वसुधाला पत्र लिहायचं असेल तर पोस्टकार्डावर लिही. त्यानं लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

वसुधा मात्र आमच्याकडे येत राहिली. आधी सुटीच्या दिवशी, नुसतं बघायला. मग वायरी ओढायला. मग एक दिवस म्हणाली की कचेरी सोडली. सरकारी नोकरी सोडणारी मुलगी मद्रासमध्ये तेव्हा फिट येणाऱ्या मुलीपेक्षा दुर्मीळ होती. तिच्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. पण आमच्या धंद्यात तिच्याइतकं कसलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. अण्णा थकल्यावर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिनंच घेतलं, आणि "सर कधी येतील" या प्रश्नाला ती मान वरही न करता "सर नाहींत" म्हणे.

वकील येत, डॉक्टर येत, भागीदाराला डावलू पाहणारे भागीदार येत. कुलूप पक्कं ना, कुणी फोडणार तर नाही ना, असं पुन्हा पुन्हा विचारत. वसुधा त्यांना सगळं शास्त्र नीट समजावून देई. मग पेन्सिल खाली ठेवून तिचा एक प्रश्न असे, तो मी तिला शिकवलेला नव्हता.

"ज्यांना पत्र पाठवणार, त्यांच्या घरी मोठं कोण आहे?"

गिऱ्हाईक हसे. ती हसत नसे, उत्तराची वाट बघत बसे. मग समोरचा माणूस विचारात पडे. काही जण तरीही मशीन घेत. बाकीचे थोड्या वेळानं उठत आणि म्हणत, राहू द्या मग, मी समक्षच जाऊन सांगतो.

अशी कितीतरी गिऱ्हाइकं तिनं परत पाठवली. अण्णा कुरकुरत. मी तिला कधी थांबवलं नाही.